धुराडे आहे, तरी धूर घरातच का?

गॅस घरोघरी आला तरी नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत आणि मोहल्ल्यांत भाकरी, अंघोळीचे पाणी व दावतीच्या देगा यांसाठी अजून लाकूड, पऱ्हाटी, तुराट्या जळतात. पूर्वीच्या माळवदात धूर जाण्यासाठी वर भोक ठेवलेले असे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर अनेक गावांत सिमेंटची घरे आली. अशा घरात धुराड्याने काम केले नाही तर धूर थेट आपल्या आया-बहिणींच्या छातीत जातो. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम 1980 च्या दशकात सुरू झाला व 2002 मध्ये संपला. आता चूल दुरुस्तीचे काम गावच्या कारागिरालाच करावे लागणार.

धुराडे ओढते कसे, हे आधी समजून घ्यावे. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत खेचते. धुराडे जितके उंच आणि आतला धूर जितका गरम, तितकी ओढ जास्त. पण ही ताकद फार थोडी असते. दहा फूट उंच नळीत सुमारे 175 अंश गरम धूर असला, तरी ओढ जेमतेम एक मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी भरते. म्हणून लहानशी फटही सगळा खेळ बिघडवते.

तपासणी या क्रमाने करावी :

1) दार-खिडकी उघडा. धूर लगेच कमी झाला तर दोष धुराड्याचा नाही. खोलीत हवा कमी येते. भिंतीत खाली झरोका ठेवा.

2) नळी साफ करा. तीन इंची नळीत चहूबाजूंनी अर्धा इंच काजळी बसली की धुराची वाट निम्म्याहून कमी उरते.

3) सांधे पाहा. पेटत्या चुलीजवळ, नळीच्या सांध्यापाशी अगरबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर तिथे फट आहे. मातीने लिंपून घ्या.

4) उंची मोजा. नळी छपरातून किमान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आतील कोणत्याही भिंतीपेक्षा दोन फूट उंच असावी. टोपी नळीच्या तोंडाला चिकटवू नये.

5) आडवी नळी व बेंड टाळा. शक्य तितकी नळी घरातून सरळ वर न्या; बाहेर ती थंड पडते.

6) सरपण वाळलेले वापरा. सुरुवातीला कागद किंवा चिपाड पेटवून नळी गरम करा.

जुनी नळी ॲस्बेस्टॉसची असेल तर ती कापू वा फोडू नये. तिची धूळ फुप्फुसाला घातक आहे. तसेच धूर कोंडतो म्हणून खोली बंद करून निखारे ठेवू नयेत. त्यातील विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

कारागीर बांधवांना एक सल्ला. नुसती चूल विकून मोकळे होऊ नका. बसवल्यावर गिऱ्हाइकासमोर पेटवून दाखवा, काजळी कशी काढायची ते घरातील बाईला शिकवा आणि रमजानपूर्वी सफाईची एक फेरी ठरवून मजुरी घ्या. मालातला ऐब सांगून विकणे हा आपल्या व्यापाराचा उसूल आहे. नळीचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे येत असेल तर जागा बदला. शेजाऱ्याचा हक्कही आपल्यावर आहे. ज्याची चूल धूर करत नाही, त्याचे नाव गावात आपोआप होते. इन्शा अल्लाह, त्यातच बरकत आहे.