मास्कवरून वाद: बैठकीत काय बोलायचं?

तायांनो, मास्कचा विषय निघाला की बैठकीत दोन गट पडतातच. एका गटात तर बोलणं इतकं वाढलं की दोघी जणी पुढच्या महिन्यात बचत भरायलाच आल्या नाहीत.

"आधी म्हणाले निरोगी माणसाला गरज नाही, मग म्हणाले सगळ्यांनी बांधा. खरं काय?" असं कुणी विचारलं तर तिला गप्प करू नका, प्रश्न रास्त आहे. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तसाच होता. मास्कचा तुटवडा होता, दवाखान्यातल्यांना ते आधी मिळायला हवे होते. पुढे दिसलं की लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही आजार पसरतो. म्हणून ५ जून २०२० ला संघटनेने सल्ला बदलला: संसर्ग पसरलाय आणि अंतर राखता येत नाही, तिथे तीन पदरी कापडी मास्क वापरा.

"मला काही झालं नाही, मी कशाला बांधू?" कापडी मास्क मुख्यतः आपल्याच तोंडातले तुषार अडवतो, म्हणजे शेजारी बसलेल्या आजीला जपतो. (हनुवटीला लटकवलेला तेव्हा फक्त दंड वाचवायचा, तोही कधीकधी!)

जीव गुदमरतो म्हणणारीवर ओरडू नका. रानात एकटी खुरपत असेल तर काढू दे. संसर्ग पसरलेला असेल तेव्हा बैठकीत, टेम्पोत, रेशनच्या रांगेत मात्र नाकावरून बांधायचा, आणि घरी आल्यावर साबणाने धुवायचा.