मेंदूच्या लहरी आणि कोर्टातला पुरावा

डोक्याला पट्टा बांधला आणि मनातलं सगळं कॉम्प्युटरवर उमटलं तर? होस्टेलवर कितीजणांची पंचाईत होईल! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठीत शास्त्र लिहिताना शब्द शोधावे लागतात. पण हा विषय आपल्या सर्वांना समजायला हवा.

लहरी म्हणजे काय?
मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी काम करतात तेव्हा डोक्याच्या त्वचेवर क्षीण व्होल्टेज मिळतं. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या या लहरी प्रथम नोंदवल्या. यालाच ईईजी म्हणतात. ऑपरेशन नाही, सुई नाही, फक्त इलेक्ट्रोड. पण सिग्नल साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या तीस हजारावा भाग! नुसती पापणी लवली तरी त्याहून मोठा सिग्नल येतो. शिवाय वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाट आहेच.

नंदुरबारच्या आठवडे बाजाराबाहेर उभं राहिलं तर गलका वाढला की कमी झाला ते कळतं. आत कोण काय भाव करतंय ते कळत नाही. ईईजीचंही तसंच आहे.

चांगला उपयोग
हवं ते अक्षर पडद्यावर चमकलं की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उमटते. तिच्या आधारे १९८८ मध्ये फारवेल आणि डॉन्चिन यांनी हात न हलवता अक्षरं निवडून दाखवली. मात्र त्यासाठी माणसाचं सहकार्य लागतं आणि अनेक वेळांची सरासरी काढावी लागते.

पुण्याची केस
जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका एमबीएच्या विद्यार्थिनीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. इतर पुराव्यांबरोबर 'बिऑस' या ईईजी चाचणीचाही आधार घेतला होता. यात व्यक्ती गप्प बसते, तिला वाक्यं ऐकवतात आणि तिने ती घटना 'अनुभवली' का, ते सॉफ्टवेअर सांगतं. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या समितीने अशा चाचण्या अशास्त्रीय ठरवल्या. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं, की संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निकाल हाच पुरावा मानता येणार नाही.

आता ईईजीचे हेडबँड दुकानात मिळतात. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी ते बनवेल. तेव्हा मशीन काय मोजतं हे सांगाच, पण काय मोजत नाही हेही बॉक्सवर तितक्याच मोठ्या अक्षरात छापा. कारण आलेखाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसलेला असतो.