खाऱ्या पाण्याच्या टाकीची पूर्वतयारी

मालवण किनाऱ्यावर शोभिवंत सागरी मासे पाळणाऱ्यांनी टाकी भरताच मासे सोडू नयेत. पावसाळ्यात खाडीमुखाचे पाणी गोडसर होते. यास्तव लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याची खात्री करावी. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया हे विष तयार होते. वाळू-खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट या दुसऱ्या विषात व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पाण्यात हवा खेळती ठेवून जिवाणूंच्या पोषणार्थ रोज चिमूटभर खाद्य टाकावे. अमोनिया व नायट्राइट वाढून पुन्हा शून्यावर आल्यावरच मासे थोडेथोडे सोडावेत. घाई केल्यास मासे मरतात व पैसा वाया जातो.