लाकडी सामानाची निगा : अळशीचे तेल व मेण

गोमंतकातील जुन्या घरांतून व शाळांतून सागवान, शिसम आणि फणसाच्या लाकडाचे सामान आजही वापरात आहे. पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे त्यास भेगा पडतात. तेल व मेण यांच्या लेपाने ही क्रिया मंदावते.

याकरिता सुकणारे तेलच हवे. अळशीचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. खोबरेल सुकत नाही व धूळ धरते. रंगाऱ्यांचे बेलतेल लवकर वाळते. मात्र त्यात धातूंचे क्षार असू शकतात, म्हणून पोळपाटास ते लावू नये.

प्रथम १२० व नंतर २२० क्रमांकाच्या पॉलिश कागदाने, रेषांच्या दिशेने, लाकूड घासावे. सागवान मुळातच तेलकट असल्याने ते टर्पेंटाइनने पुसून घ्यावे. तेलाचा पातळ हात द्यावा व १५ ते २० मिनिटांनी न मुरलेले तेल पुसून काढावे. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. तीन हात पुरेत. शेवटी मधमाशांचे मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, विस्तवापासून दूर नेऊन त्यात तिप्पट टर्पेंटाइन मिसळावे आणि गार झाल्यावर ते चोळून मऊ कापडाने चकाकी आणावी.

सर्वांत मोठी दक्षता फडक्यांबाबत घ्यावी. सुकताना तेलातून उष्णता निघते. बोळा करून टाकलेले फडके ठिणगीवाचूनही पेट घेते. ते पाण्यात बुडवून ठेवावे किंवा उघड्यावर एकेरी पसरून वाळवावे. हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकणे श्रेयस्कर.