एमडीएफला आरशासारखी चकाकी हवी? आधी कडा सांभाळा, मग दर ठरवा



कार्ला फाट्यावरून एकवीरा आईच्या डोंगराकडे आगरी-कोळी भाविकांची ये-जा सुरूच असते. शेजारी लोणावळ्याचे बंगले आहेत. एमडीएफचे देव्हारे, नेमप्लेट आणि गणपतीची मखरं बनवणाऱ्याला इथे गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर मखरासाठी लोक दुसरं मटेरियल बघायला लागले. पण गोम अशी आहे की मखराच्या ऑर्डर येतात ऐन पावसाळ्यात, आणि मावळचा पाऊस तुम्हाला वेगळा सांगायला नको.

नवीन उद्योजक म्हणतो, "सर, महागातला पेंट घेतला, तरी शोरूमसारखी चमक येत नाही." मित्रांनो, चमक डब्यात नसते, पेंटच्या खाली केलेल्या तयारीत असते.

कड का फसवते?

कार्ला लेण्यातल्या चैत्यगृहाच्या छताला सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही आहेत. ते अस्सल लाकूड. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू, रेझिन घालून गरम दाबलेला. वरचा पृष्ठभाग घट्ट, पण आतला भाग मऊ. कापलेली कड आणि राउटरने कोरलेली नक्षी पेंट पिऊन टाकते. पाणी लागलं की तंतू फुगून उभे राहतात.

कामाचा क्रम

१. कडा १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. धूळ पूर्ण काढा.
२. कडांना आधी पीयू सीलर द्या. सुकल्यावर घासा, पुन्हा द्या. मागची बाजूही सील करा, नाहीतर पाट वाकतो.
३. सगळीकडे प्रायमरचे दोन हात. प्रत्येक हातानंतर ३२० नंबर. मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा धरून बघा, खड्डा लगेच दिसेल. तो पुट्टीने भरा आणि तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर मारा.
४. ४०० नंबरने घासून पीयू पेंटचे दोन-तीन पातळ हात स्प्रे करा. एकच जाड हात दिला की ओघळ येतात.
५. पेंट पूर्ण कडक झाल्यावर १००० ते २००० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा, शेवटी रबिंग कंपाउंड. उघड्या एमडीएफवर मात्र ओलं घासायचं नाही.

हार्डनर आणि थिनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच ठेवा. पीयूची वाफ फुफ्फुसाला घातक आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, कार्ट्रिजचा मास्क वापरा आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

पावसाळ्यात काय करायचं?

एनसी लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि फिनिश पांढुरकं पडतं. पीयूच्या हार्डनरचीही ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन होते आणि बारीक बुडबुडे येतात. म्हणून मुसळधार पाऊस चालू असताना स्प्रे करू नका. कॉम्प्रेसरमधलं पाणी रोज काढा. शीट जमिनीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, फळ्यांवर आडवी ठेवा. आणि गिऱ्हाइकाला तारीख देताना हे थांबण्याचे दिवस धरूनच द्या.

आता पैशाचं बोलू

बरेच जण मटेरियलच्या दुप्पट दर लावतात. समजा, एका नेमप्लेटला ३५० रुपयांचं मटेरियल लागलं. दुप्पट म्हणजे ७००. पण घासणं, पेंट, रबिंग मिळून ४ तास गेले, तासाला १०० रुपये धरले तर मजुरी ४००. खर्च झाला ७५०. दहात एक पीस खराब झाला, तर त्याचा खर्च उरलेल्या नऊंनी भरायचा, म्हणजे पीसमागे साधारण ८३३. लाईट, भाडं आणि नफा अजून बाकी आहे! ७०० ला विकलात तर प्रत्येक नेमप्लेटमागे १३३ रुपये खिशातून गेले. ऑर्डर जितकी मोठी, तितका तोटा मोठा. म्हणून घड्याळ लावून काम करा, तास वहीत लिहा, मगच दर सांगा.

आजचा गृहपाठ

एमडीएफचा एक तुकडा घ्या. अर्धी कड सील करा, अर्धी तशीच ठेवा आणि दोन्हीवर सारखाच पेंट मारा. तो तुकडा टेबलावर ठेवा. उद्या कोणी "बाजूचा स्वस्तात देतो" म्हणालं, तर वाद घालू नका. तो तुकडा त्याच्या हातात द्या आणि कडेवरून बोट फिरवायला सांगा.