पोर्ट उघडण्याआधी

निखिल, चिपळूणच्या घराचे कॅमेरे आणि फोटो साठवायचा तो नॅस तुला पुण्यातून बघता यायला हवा, म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून दे म्हणालास. करून देण्यापेक्षा मी सांगते आणि तू कर. ताई तिथे एकटी असते, पुढे ते घर तुलाच सांभाळायचंय. माझी सगळी नोकरी नेटवर्कच्या कामात गेली. त्यातलं तुझ्या उपयोगाचं तेवढं सांगते.

एक गोष्ट आधी नीट समजून घे. घरातलं एखादं यंत्र बाहेर काही मागतं तेव्हा राउटर त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. न मागता बाहेरून काही आलं, तर ते कोणाचं हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे राउटरला कायमचं सांगून ठेवणं, की या क्रमांकावर जे येईल ते त्या यंत्राला दे. पाठवणारा कोण, हे तो विचारत नाही. तू असलास तरी देईल, जगाच्या दुसऱ्या टोकाचा चोर असला तरी देईल. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आता काम. राउटरच्या पानावर जा आणि त्याला बाहेरून, म्हणजे ‘वॅन’ बाजूने, कुठला पत्ता मिळालाय तो बघ. मग घरच्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये आपला आयपी पत्ता दाखवणारं एखादं पान उघड. दोन्ही आकडे सारखे असतील तर पुढे जायला हरकत नाही. वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल, तर कितीही पोर्ट उघड, उपयोग शून्य. आयपीव्ही-४ चे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून झाले. तेव्हापासून इंटरनेट देणाऱ्या अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि १००.६४ चा पट्टा २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. आमच्या लहानपणी ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजाऱ्यांचा नंबर ‘पीपी’ म्हणून द्यायचे, तसंच हे. फरक इतकाच, की शेजारी निदान खिडकीतून हाक मारायचे. सीजीनॅटमध्ये तुला हाक मारणारं कोणी नसतं.

पत्ता १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुझ्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलेला आहे. पुष्कळदा तो घरातच असतो. फायबरवाला भिंतीवर जी पेटी लावून जातो, तीच राउटरचंही काम करते आणि आपण तिच्यामागे दुसरा राउटर जोडतो. मग पोर्ट दोन्ही ठिकाणी उघडावा लागतो. त्यापेक्षा त्या पेटीला ‘ब्रिज मोड’वर टाकायला सांग, म्हणजे पत्ता थेट तुझ्या राउटरवर येईल. अडचण कंपनीच्याच बाजूची असेल तर सार्वजनिक आयपी मागून बघ. स्टॅटिक आयपीला वेगळे पैसे पडतात, पण गावाकडचा केबलवाला ओळखीचा असेल तर काम लवकर होतं. पत्ता बदलता पण सार्वजनिक मिळाला, तरी चालेल. डायनॅमिक डीएनएस लावलं की घराला एक नाव मिळतं आणि पत्ता बदलला की राउटर स्वतःच ते नाव नव्या पत्त्याला जोडून ठेवतो.

दुसरं काम घराच्या आतलं, आणि बहुतेक जण तेच विसरतात. कोकणात पावसाळ्यात लाइट जाते, येते, पुन्हा जाते. प्रत्येक वेळी राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते नव्याने वाटतो. आज कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डीव्हीआरकडे असलेला पत्ता उद्या टीव्हीकडे गेला, की तुझा नियम टीव्हीकडे बोट दाखवणार. म्हणून ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’मध्ये जाऊन ज्या यंत्राकडे बाहेरून पोचायचंय त्याच्या मॅक पत्त्याला एक आयपी कायमचा नेमून दे. हे करतानाच घराचं सगळं नेटवर्कही बदल. बहुतेक राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० घेऊनच येतात. पुण्यातल्या तुझ्या खोलीतही तेच असणार. दोन्हीकडे पत्ते सारखे असले की तुझा लॅपटॉप चिपळूणचा नॅस पुण्यातच शोधत बसतो. चिपळूणला १९२.१६८.३७ असं काहीतरी ठेव.

राउटर आणि फायबरच्या पेटीला मिळून एक छोटा डीसी यूपीएस लाव. डीव्हीआर आणि नॅस वरच्या मजल्यावर हलव. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं ते ताईला विचार. यंत्रं त्याच्या वर हवीत.

नियम लिहिणं तसं सोपं आहे. काही राउटरमध्ये तो ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ नावाखाली सापडतो, काहींत ‘नॅट’च्या पानावर. बाहेरचा पोर्ट, आतलं यंत्र, आतला पोर्ट आणि टीसीपी की यूडीपी, एवढंच भरायचं. लिहून झालं की तपासताना मोबाइलचं वायफाय बंद कर आणि मोबाइल डेटावरून बघ. घरच्या वायफायवर बसून घराचाच बाहेरचा पत्ता उघडायला गेलास तर पुष्कळ राउटर ते पोचवत नाहीत. नियम बरोबर असतो, आणि माणूस तो चुकलाय समजून खोडत बसतो. त्याच्याही आधी, ते यंत्र घरातल्या घरात त्या पोर्टवर उत्तर देतंय का तेवढं बघून घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोणता पोर्ट उघडायचा? तू म्हणशील डीव्हीआरचा आणि नॅसचा. मी म्हणते, दोन्ही नाही.

२०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर सुटला. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, बस्स. टेलनेटचा पोर्ट उघडा दिसला की एकेक जोडी लावून बघायची. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या यंत्रांनी डिन या कंपनीच्या डीएनएसवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत कित्येक तास नीट उघडेनात. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात होते, त्यांतल्या बहुतेकांना काही कळलंही नसेल. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्राम ४४५ या पोर्टवरून पसरला. २०२२ च्या जानेवारीत क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर डेडबोल्ट नावाच्या तशाच प्रोग्रामने हल्ला केला, लोकांचे फोटो, हिशेब, सगळं कुलूपबंद करून पैसे मागितले. तेव्हा कंपनीने स्वतःच ग्राहकांना सांगितलं, की राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा. तुझ्या त्या नॅसवर बाबांचे सगळे फोटो आहेत. ते परत काढता येणार नाहीत.

कोणी सांगेल, पोर्ट नेहमीच्या ३३८९ ऐवजी ५३३८९ ठेव, कोणाला कळणार नाही. कळतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं. चांगल्या जोडणीवरून ते एका पोर्टसाठी आयपीव्ही-४ चं जवळजवळ सगळं इंटरनेट पाऊण तासात चाळून काढतं. क्रमांक बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, संरक्षण मिळत नाही. आणि ‘डीएमझेड’चं बटण दाबू नको. त्याने एका यंत्राचे सगळेच्या सगळे पोर्ट बाहेर उघडे पडतात. ‘यूपीएनपी’ बंद कर. ते चालू असलं की घरातलं कुठलंही यंत्र तुला न विचारता राउटरकडून पोर्ट उघडून घेतं, आणि स्वस्तातले कॅमेरे तेच करतात. राउटरचं स्वतःचं पान बाहेरून उघडण्याची सोयही बंदच असू दे.

मग करायचं काय? एकच पोर्ट उघड, व्हीपीएनचा. मी वायरगार्ड सांगेन. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि पुष्कळ नव्या राउटरमध्ये तयार मिळतं. नसेल तर एखादा रास्पबेरी पाय पुरतो. नेहमीचा पोर्ट ५१८२०, यूडीपी. त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की ज्याच्याकडे बरोबर किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही. ‘नाही’ असंसुद्धा म्हणत नाही. बाहेरून चाळणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही. तुझ्या फोनला एक किल्ली, लॅपटॉपला वेगळी. फोन हरवला तर तेवढी एक काढून टाकायची. एकदा जोडलास की पुण्यात बसून तू चिपळूणच्या वायफायवर असल्यासारखाच. डीव्हीआर, नॅस, उद्या पंपाचा स्विच लावलास तर तोही, सगळं त्या एका वाटेने दिसेल. प्रत्येकासाठी वेगळा पोर्ट नको.

सार्वजनिक आयपी मिळालाच नाही तर टेलस्केल लाव. तेही आतून वायरगार्डच वापरतं, पण दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. मधली ओळख पटवायचं काम मात्र त्या कंपनीच्या सर्व्हरवर होतं, तेवढं लक्षात ठेव. राउटरवर आयपीव्ही-६ चालू असेल तर तिकडेही बघ. तिथे फॉरवर्डिंग लागत नाही, प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो, आणि मध्ये उभा असतो तो फक्त राउटरचा फायरवॉल. तो चालू आहे ना, एवढं पाहा.

कॅमेरे बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड आजच बदल. त्याने डीव्हीआरमध्ये स्वतःसाठी खातं ठेवलं असेल तर तेही काढ. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली कॅमेऱ्यांची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. त्या बायकांचं काय झालं असेल, याचा विचार कर. म्हणून ताईच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात कॅमेरा लावायचाच असेल, तर तिला समोर बसवून विचार. फोनवर ‘लावू का गं’ म्हटलंस तर ती हो म्हणणारच, तुला वाईट वाटू नये म्हणून. अंगण, फाटक, मागची विहीर एवढ्यावर भागत असेल तर घरात लावूच नको.

आणि राउटरमधले बदल पुण्यातून करू नको. व्हीपीएनवरून राउटरचं फर्मवेअर बदलायला घेतलंस आणि जोडणी तुटली, तर ती परत जोडायला कोणाला तरी घाटातून खाली उतरावं लागतं. ताईला इतकंच शिकव, की तू सांगितलंस की भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पेटीचा स्विच बंद करायचा आणि थोड्या वेळाने चालू करायचा. वायरीला चिकटपट्टीवर मराठीत नाव लिही, ‘फायबर’, ‘राउटर’, ‘कॅमेरा’. पासवर्ड आणि किल्ल्या तुझ्याकडे, आणि एक प्रत बंद पाकिटात कपाटातल्या घराच्या कागदांबरोबर.

गणपतीला जाशील तेव्हा एक दुपार यासाठी ठेव. फर्मवेअर तेव्हाच घाल, घरात असताना. मग नियमांचं पान उघड आणि प्रत्येक ओळ वाच. वायरगार्डची एक ओळ सोडून आणखी काही दिसलं, आणि ते कशासाठी आहे हे तुला किंवा ताईला सांगता आलं नाही, तर काढून टाक. काही बंद पडलंच तर तू तिथेच आहेस, पुन्हा लावता येईल.