'सुरक्षित क्षेत्र' म्हणजे काय?

'सुरक्षा' हा शब्द आपण नित्य ऐकतों. पण ती कोणाची, हें क्वचितच विचारलें जातें. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेनें सुरक्षा परिषद स्थापिली, ती राष्ट्राराष्ट्रांत शांति राखावी म्हणून. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचें तिसरें कलम मात्र एकेका माणसाच्या सुरक्षिततेविषयीं आहे. ह्या दोहोंत केवढें अंतर पडूं शकतें, हें बोस्निया देशांतील स्रेब्रेनित्सा गांवाच्या वृत्तांतावरून कळतें.

तेथें १९९२ सालीं युद्ध पेटलें. खेड्यापाड्यांतून पळालेले हजारों मुसलमान ह्या गांवीं दाटीनें राहत होते. १६ एप्रिल १९९३ रोजीं परिषदेनें तें 'सुरक्षित क्षेत्र' ठरविलें. पुढें आणखी पांच ठिकाणांस तेंच नांव दिलें. ह्या सर्वांच्या रक्षणास सुमारें ३४,००० शिपाई लागतील, असें संघाच्या सरचिटणीसांनीं कळविलें. परिषदेनें मंजूर केले ७,६००! आम्हांस हा आंकडा सर्वांत बोलका वाटतो. अभय देणें सोपें. त्यासाठीं आपले पुत्र पाठविणें बहुतेक राष्ट्रांस जड गेलें.

११ जुलै १९९५ रोजीं बोस्नियांतील सर्बांच्या सैन्यानें गांव घेतलें. रक्षणास सुमारें ४०० डच शिपाई होते, तेहि हलक्या हत्यारांचे. बायकामुलांस मोटारगाड्यांत घालून बाहेर नेलें; पुरुष व मुलगे निराळे काढले, कित्येकांस रानांतून पळतांना धरलें, आणि थोड्याच दिवसांत सुमारें ८,००० जण मारिले. आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २००७ सालीं ह्यास वंशसंहार म्हटलें.

मारणारे बहुतेक ख्रिस्ती म्हणविणारे होते. 'ते निराळ्या पंथाचे,' असें म्हणून उपदेशकांनीं ही गोष्ट मंडळीपासून लपवूं नये.

एखादें सरकार आपल्या प्रजेस राखीत नसेल, तर इतरांनीं परिषदेच्या द्वारें राखावें, हें तत्त्व राष्ट्रांनीं २००५ सालीं मान्य केलें. परंतु परिषदेंतील पांच कायम सभासदांपैकीं एकानेंहि नकार दिला कीं ठराव पडतो. स्रेब्रेनित्सा येथील वधास वंशसंहार म्हणणारा ठरावहि जुलै २०१५ मध्यें रशियाच्या एकट्याच्या नकारानें पडला. सर्वसाधारण सभेंत असा नकार चालत नाहीं. तेथें २०२४ सालीं ११ जुलै हा स्मरणदिन ठरला.

गुन्हा लपविण्यासाठीं प्रेतें यंत्रांनीं उकरून दुसरीकडे पुरलीं होतीं, म्हणून एकाच माणसाच्या अस्थि निरनिराळ्या खड्ड्यांत सांपडतात. कित्येक आया त्यांची ओळख पटण्याची वाट पाहत राहिल्या. २०२५ सालींहि त्या दिवशीं कांहीं जणांच्या अस्थि पोतोचारीच्या दफनभूमींत पुरण्यांत आल्या.